ओळखीच्या गावात सरकारी खुर्ची

माझ्या भाचीला नोकरी लागली. कनिष्ठ कारकून, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ती एलडीसी. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन लागली, हे मी ज्याला त्याला मुद्दाम सांगते. कारण गोव्यात सरकारी नोकरी लागली म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कोणी लावली?’ २०२४ च्या अखेरीस नोकरी देतो म्हणून पैसे उकळल्याची प्रकरणे एकामागून एक पोलिसांत गेली, अटका झाल्या, आणि तेव्हापासून हा प्रश्न लोक तोंडावर विचारू लागले. पोरगी निकालाची यादी मोबाइलमध्ये ठेवून फिरते आहे.

तिने मला विचारले, “मावशी, तू इतकी वर्षे पंचायतीत सचिव होतीस. तुझे स्वतःचे नियम काय होते गो?” सरकारी नियम तिला पाठ आहेत. केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम आमच्या राज्यातल्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, परीक्षेसाठी तिने ते रटले आहेत. तिला हवे होते ते दुसरेच. फोनवर अर्धवट सांगितले, उरलेले इथे लिहिते. निवृत्त झाल्यामुळे आता कोणाची परवानगी घ्यायला नको, हा एक फायदा.

पैशांचे आधी उरकून टाकते. पैसे घेऊ नकोस हे सांगायला मावशी लागत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर त्याने सात दिवसांत तक्रार करायची असते. पाकीट घेऊन येणारा माणूस दारातूनच ओळखू येतो. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, उगाच पंख्याकडे बघतो, आणि ‘मॅडम, तुमचे कितें तें सांगात’ म्हणतो. त्याला नाही म्हणणे सोपे. माझ्या ओळखीतले बरेच जण ते आयुष्यभर म्हणत आले आणि त्यात त्यांना काही पराक्रम वाटत नाही.

अवघड असतो तो रिकाम्या हाताने येणारा. त्याच्या आईने माझ्या आईच्या बाळंतपणात आठवडाभर आमच्या घरी भात शिजवलेला असतो. तो खुर्चीच्या कडेवर बसत नाही, टेकून बसतो. “बाय, तूं आसा म्हणून आयलों,” एवढेच म्हणतो. त्याला काय हवे असते? फार काही नाही. रांग सोडून सही. एखादा कागद कमी आहे, तो ‘मागाहून आणून देतां’. शेजाऱ्याच्या फायलीत काय चालले आहे त्याची थोडी वास्तपुस्त.

गोवा म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटर. पंचायती १९१. उत्तर टोकाच्या पेडण्याहून दक्षिण टोकाच्या काणकोणला बदली केली तरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी ‘तुमच्या नणंदेचे सोयरे आमच्या वाड्यावरचे’ असे सांगत येतो. त्यामुळे अनोळखी जनतेची सेवा वगैरे पुस्तकातले चित्र आमच्याकडे नसतेच. इथे जनता म्हणजे देवळातले महाजन, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान देणारी बाई, आपल्या मुलाची टीचर, दारावर उंडे घेऊन येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. माझे सगळे नियम या एकाच गोष्टीभोवती तयार झाले. ओळख तोडता येत नाही, तोडूही नये. ती कागदापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढेच आपल्या हातात.

वर्तणूक नियमांत कुटुंबाची व्याख्या आहे. नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुले, आणि पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असलेले इतर नातेवाईक. यांच्यापैकी कोणाचा संबंध असलेले प्रकरण आपण हाताळायचे नाही, वरिष्ठांकडे पाठवायचे. कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे. पण माझा मामेभाऊ माझ्यावर अवलंबून नाही. त्याचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे आणि तो माझ्यापेक्षा चौपट कमावतो. म्हणजे नियमाप्रमाणे तो परका! दर वर्षी दक्षता सप्ताहात आम्ही ओळीने उभे राहून सचोटीची शपथ घेतो, फोटो काढतो, फोटो वर पाठवतो. त्या शपथेतही मामेभाऊ नाही.

म्हणून मी माझी व्याख्या केली होती. चवथीला ज्यांच्या घरी मी जाते किंवा जे माझ्या घरी जेवायला येतात, ते सगळे कुटुंब. त्यांच्यापैकी कोणाची फाइल आली की मी गटविकास अधिकाऱ्यांना दोन ओळींचे पत्र लिहायचे: अर्जदार माझे नातलग आहेत, छाननी दुसऱ्याकडून करून घ्यावी. पहिल्यांदा असे पत्र गेले तेव्हा तिथला हेड क्लार्क मला म्हणाला, “कायदा मागत नाही ते कशाला देता?” मामेभाऊ तर दोन चवथी आला नाही. त्याला वाटले मी त्याचे काम अडवले. प्रत्यक्षात त्याचा परवाना इतरांच्याइतक्याच दिवसांत झाला, पण बहीण खुर्चीत असताना इतरांच्याइतकेच दिवस लागले, हाच त्याच्या दृष्टीने अपमान. तिसऱ्या वर्षी आला. आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही, अजून काढलेला नाही.

आता आवक नोंदवही. भाचीला हे सर्वात कंटाळवाणे वाटणार आणि हेच मला सर्वात महत्त्वाचे वाटते. कागद आला की नंबर, तारीख, शिक्का, आणि अर्जदाराच्या प्रतीवर पोच. लगेच. ‘ठेवून जा, बघते’ हे वाक्य बोलायचे नाही. कारण घड्याळ शिक्क्यापासून चालू होते. बांधकाम परवान्याच्या अर्जावर पंचायतीने ३० दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्जदाराला पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे दाद मागता येते. माहिती अधिकाराचे ३० दिवसही अर्ज मिळाल्यापासून मोजतात. शिक्काच नसेल तर यातला एकही दिवस मोजता येत नाही. काही कार्यालयांत लबाडी इथेच होते, आणि ती करणाऱ्याला ती लबाडी वाटतही नाही. ओळखीच्याचा कागद मागच्या तारखेला बसवला, नावडत्याचा ड्रॉवरमध्ये ठेवला, पैसा कुठे हलला? पण एकाचा हक्क वाढला आणि एकाचा गेला. मी आवक वही माझ्या टेबलावर ठेवत नसे, खिडकीपाशी ठेवत असे, बाहेरच्याला पान दिसेल अशी. दोन नोंदींच्या मध्ये कोरी ओळ सोडू द्यायची नाही, ही माझी कारकुनाला सक्त ताकीद होती. त्या कोऱ्या ओळीत पुढे कोणीतरी येऊन बसतो.

ग्रामसभेचे इतिवृत्त हा याच्याही पुढचा विषय. ज्यांनी गोव्यातली ग्रामसभा पाहिली नाही त्यांना सांगते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, रविवारची सकाळ, पंचायतीचा नाहीतर शाळेचा हॉल, एक चालणारा आणि एक न चालणारा माइक. विषय मोबाइल टॉवर, कचरा शेड, डोंगरकापणी, एखादा दोनशे फ्लॅटचा प्रकल्प. माणसे तावातावाने बोलतात, निम्मी कोकणीत, निम्मी मराठीत, रागावली की इंग्रजीत. आणि हे सगळे लिहायचे सचिवाने. सभा संपून लोक जेवायला घरी गेले की खरी सभा सुरू होते. सरपंच येतात, एखादा पंच येतो, “मॅडम, तें ‘तीव्र विरोध’ कशाक? ‘ग्रामस्थांनी मते मांडली’ म्हणून बरयात.” दोन्ही वाक्ये सभ्य आहेत. पण चार वर्षांनी प्रकरण कोर्टात गेले की तिथे हॉलमधला आरडाओरडा कोणी ऐकत नाही, वही उघडतात.

माझी पद्धत अशी होती. एक विषय संपला की दुसरा सुरू होण्याआधी मी ठराव तिथेच माइकवर वाचून दाखवायचे. विरोध करणाऱ्यांची नावे घेऊन. कोणाला शब्द बदलायचा असेल तर लोकांसमोर बदला. याने सभा लांबते, लोक ‘पुरो गो बाय’ म्हणून ओरडतात, एकदोघे उठून जातात. पण दुपारच्या त्या दुसऱ्या सभेला मग काम उरत नाही. “सर, वाचून दाखवलंय सगळ्यांना,” एवढे म्हटले की झाले.

यात एक पथ्य स्वतःसाठीही होते. प्रत्येक पंचायतीत एखादा असा असतोच, की तो बोलायला उभा राहिला की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. एका ठिकाणी तर एक गृहस्थ दर सभेत माझ्याच विरुद्ध बोलत. त्यांचे म्हणणे मी नेहमी दोन ओळी जास्त लिहायचे. प्रेमापोटी नव्हे. माझ्या हाताला ते कमी लिहायची सवय लागेल ही भीती होती, म्हणून उलटा जोर.

त्यांचेच माहिती अधिकाराचे अर्जही यायचे, गठ्ठ्याने. गावात ‘आरटीआयवालो’ ही जवळजवळ शिवीच आहे. पण गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, केंद्राचा २००५ मध्ये आला. आपल्याला हा पाहुणा नवा नाही. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी ते विचारायचे नाही. अधिकारी ते विचारत नाहीत, पण त्याच संध्याकाळी अर्जदाराच्या चुलत्याला फोन जातो: “तुज्या पुतण्यान आरटीआय घाला, कित्याक रे?” कायद्याने बंद केलेला प्रश्न ओळखीच्या मागच्या दाराने विचारायचा, हा आमचा खास गोमंतकीय शोध. मी सचिव म्हणून जनमाहिती अधिकारी असायचे. अर्जदार कोण, हे नाव मी टेबलावरून पलीकडे जाऊ दिले नाही. सरपंचांनाही नाही, जोवर फाइल त्यांच्याकडे जाण्याचे काही कारण नसे.

तोंडी आदेशाबद्दल भाचीने स्वतः विचारले. तिला वाटते आदेश साहेब देतात. अगो, साहेब क्वचितच देतात. फोन येतो पीएचा, किंवा पीएच्या ओळखीच्याचा, आणि वाक्य असते: “सायबान सांगलां.” कोणत्या सायबान, काय शब्दांत, कशाबद्दल, सगळे अधांतरी. वर्तणूक नियमांच्या तिसऱ्या कलमातच आहे की वरिष्ठांचा आदेश साधारणपणे लेखी असावा, तोंडी दिला तर मागाहून लेखी पुष्टी द्यावी, आणि आदेश घेणाऱ्याने ती पुष्टी मागावी. मागावी, म्हणजे हे धाडस नाही, कर्तव्य आहे. २०१३ मध्ये ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात हेच सांगितले, की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवल्या पाहिजेत. दक्षता सप्ताहात शपथ घेण्यापेक्षा तो निकाल मोठ्याने वाचला तर जास्त उपयोग होईल, असे मी एकदा सुचवून पाहिले. चहा आला आणि विषय बदलला.

मी काय करायचे? फोन ठेवला की लगेच एक ई-मेल. ‘आज सकाळी दूरध्वनीवरून अमुक दाखला देण्याबाबत आपल्या कार्यालयाकडून सूचना मिळाली. कृपया लेखी कळवावे, म्हणजे त्वरित कार्यवाही करता येईल.’ स्वर एकदम गोड. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पुन्हा फोनही येत नाही. कधी कधी खरेच लेखी उत्तर येते, आणि सूचना रास्त असते. तेव्हा काम त्याच दिवशी करून द्यायचे, तोंड वाकडे न करता. हेही सांगायला हवे, कारण काही प्रामाणिक माणसांना साहेबांचे रास्त कामही उशिरा करण्यात मजा वाटू लागते. बदलीची किंमत मोजावी लागते का? लागते. मुलगी दहावीत असताना मला घरापासून दोन बस बदलाव्या लागतील अशा ठिकाणी टाकले. कारण कोणी सांगितले नाही, मी विचारले नाही.

भेटवस्तू. नियमात गट ‘क’च्या कर्मचाऱ्यासाठी मंजुरीशिवाय २,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांना आमचा मानकुराद आंबा माहीत नसावा. मोसमाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात मानकुरादचा डझन हजारांत जातो. मे महिन्याच्या शेवटी तोच आंबा पावसाच्या भीतीने लोक वाटत सुटतात. म्हणजे एकच पेटी मार्चमध्ये लाच आणि जूनमध्ये शेजारधर्म! मी किमतीकडे बघणे सोडून दिले. दोनच प्रश्न: याची फाइल माझ्याकडे पडून आहे का, आणि हे मी सगळ्यांसमोर उघडू शकते का. फाइल पडून असेल तर आंबा परत, मग तो एकच का असेना. नसेल तर पिशवी तिथेच उघडायची, सुरी आणायची, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसासकट सगळ्यांना फोड द्यायची. नाताळात कुसवारचे, म्हणजे सणाच्या गोडधोडाचे, ताट आले तरी तेच. घरी काही न्यायचे नाही. माझ्या नवऱ्याने यावर बरीच वर्षे कुरकुर केली, कारण एका पंचायतीच्या हद्दीतला दोदोल खरोखर अप्रतिम असे.

पण एक म्हातारी रसबाळी केळ्यांचा घड घेऊन यायची. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज मी तिला भरून दिला होता, महिन्याला दोन हजार मिळू लागले होते. काम झालेले, फाइल नाही. तिला ‘नको’ म्हटले असते तर तिने ते ‘तुझी केळी माझ्या योग्यतेची नाहीत’ असे ऐकले असते. नियम पाळण्याच्या नादात गरिबाचा हात मागे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि कंत्राटदाराच्या मुलीच्या लग्नात तेच लोक पहिल्या पंगतीत. केळी खाल्ली. बसायला खुर्ची दिली, जरा गप्पा मारल्या.

एक गोष्ट कोणत्याच नियमात मला नीट लिहिलेली दिसली नाही. पंचायत सचिवाला गावाचे पोट माहीत असते. कोणाच्या नवऱ्याने घर सोडले आहे, कोणाचे उत्पन्न गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेच्या तीन लाखांच्या मर्यादेत बसते आणि कोणाचे बसत नाही हे माहीत असूनही कोण अर्ज करते, कोणाच्या जन्मदाखल्यात बापाच्या नावापुढे काय आहे. हे सगळे संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात जिभेवर येते. तिथे गप्प बसणे मला लाच नाकारण्यापेक्षा कितीतरी जड गेले. मी जन्माची बोलकी. नवऱ्याला सुरुवातीलाच सांगून ठेवले होते की ऑफिसचे विचारू नकोस, आणि त्याने विचारले की मी आमटीत मीठ कमी आहे का, असे विचारायचे. पुढे पुढे तो स्वतःच मीठ मागून घ्यायचा. आणि पाठकोरे कागद! आधारच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले, यांच्या कोऱ्या पाठी हिशेबाला, मुलांच्या चित्रांना, कधी कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी बांधायला जातात. काटकसर चांगली, पण पलीकडच्या बाजूला एका बाईची सगळी अडचण छापलेली असते. तेवढे कागद मी हाताने फाडून टाकायचे, भाचीलाही फाडायला सांगितले आहे.

लिफ्टबद्दल मात्र माझे अजून पक्के ठरलेले नाही. नियमांत तळटीपच आहे की सहज दिलेले जेवण किंवा लिफ्ट ही भेट मानायची नाही. मात्र ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याचा वारंवार पाहुणचार टाळावा. ठीक. पण जुलैमध्ये कदंबची बस चुकली, छत्री उलटी झाली, आणि समोर कंत्राटदाराची गाडी थांबली, की ‘वारंवार’चा हिशेब कोण करणार? मी एक तोडगा काढला होता. स्टॉपवर उभ्या असलेल्या सगळ्यांना घेणार असशील तर बसते, असे म्हणायचे. एकदा एक जण खरेच हो म्हणाला, आणि मागच्या सीटवर माझ्याशेजारी मासळीवाली बसली, टोपलीसकट, एसी चालू. त्या आठवड्यात त्याचे बिल माझ्याकडे होते; त्यात दोन कागद कमी होते म्हणून त्रुटी लिहून परत पाठवले. पुढच्या पावसात तो पुन्हा थांबला. हे चांगले समजायचे की वाईट, ते मला आजही कळलेले नाही.

भाचीने हे ऐकून सांगितले की ती पहिल्या पगारावर स्कूटरच घेणार. कर्जासाठी सोसायटीत अर्जही टाकला आहे. तिथला चेअरमन तिच्या बाबांचा वर्गमित्र निघाला, आणि हमीदार म्हणून सही माझी हवी आहे.